बोरीच्या पाल्याचं पथ्य

सोलापूरला जाऊन काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की मी ‘बोरीचं एक झाड’ असं सांगते आणि लोक हसतात. त्यांना चादरी, शेंगाची चटणी आणि भुईकोट किल्ला ऐकायचा असतो. चटणी आणली होती, ती संपली. किल्ला रिक्षातून पाहिला. झाडाबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण त्याच्यापायी माझा जीव जो टांगणीला लागला तो अजून खाली आलेला नाही.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात झाडांच्या पानांचा अर्क काढते. बोर, तुती, करवंद, जांभूळ असल्या फळझाडांच्या पानांत काही नैसर्गिक द्रव्यं असतात. निरोगी पेशी बिघडून कॅन्सरच्या वाटेला लागण्याआधीच ही द्रव्यं तिला आवर घालू शकतील का, हे आम्ही काचेच्या बशीत तपासतो. ‘का’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, आणि बशीत शूर ठरलेली बहुतेक द्रव्यं त्या रस्त्यात कुठेतरी बसकण मारतात. वर्गात हे मी इतक्यांदा सांगते की मुलं माझ्या पाठीमागे नक्कल करतात.

बोरीसाठी मला गावठी झाड हवं होतं. बागेतल्या कलमी बोरींवर फवारण्या झालेल्या असतात, त्यांची पानं आमच्या कामाची नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं की अक्कलकोट आणि मैंदर्गीच्या मधे तिच्या मामाचं शेत आहे आणि बांधावर जुनी बोर आहे. एकाच झाडाची पानं वर्षभर, दर हंगामात न्यायची असं ठरवून मी दिवाळीच्या थोडं आधी निघाले.

मंगळवार, अक्कलकोटच्या पुढे

अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर मामा मोटरसायकल घेऊन उभे होते. सिद्राम त्यांचं नाव. चाळिशी ओलांडलेला, अंगाने सडसडीत, बोलायला सावकाश माणूस. “बर्री मॅडम, या,” म्हणाले आणि माझा थर्माकोलचा डबा त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर असा धरला की जणू आत बाळ आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, तुरीला पिवळी फुलं आलेली, ज्वारी नुकती वर डोकावलेली. मी चिपळूणची. जिकडे बघावं तिकडे आभाळच आभाळ, डोंगराचं नाव नाही, अशा ठिकाणी मला अंगावरची ओढणी उडून गेल्यासारखं वाटतं. ऊन तर असं की ऑक्टोबर आहे हे कॅलेंडरवर विश्वास ठेवूनच मानायचं.

शेतातच स्लॅबचं घर. दारात सिद्रामची बायको महादेवी उभी होती. पदर डोक्यावरून कानामागे घट्ट खोचलेला, चेहरा उतरलेला, पण डोळे भारी मिश्कील. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात. इथे भाजलेल्या शेंगा, गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे आलं.

“पुण्यात झाडं संपली का ओ मॅडम?” तिने पहिलाच प्रश्न केला. “बोरीच्या पाल्यासाठी इतक्या लांब आला. हितं तर शेरडं खात्यात.”

मला ती लगेच आवडली, आणि आवडलेल्या माणसाशी मी फार मोकळं बोलते. मी शेंग फोडत म्हटलं, “ह्या पानांत काहीतरी आहे. कॅन्सर रोखायला ते कामाला येतं का, ते आम्ही बघतोय.”

सिद्राम बाहेर जायला निघाले होते, ते उंबऱ्यातच थांबले. महादेवी खाली बसली. “परत एकदा बोला,” ती म्हणाली.

मी परत एकदा बोलले. काय घडतंय ते मला कळलं नव्हतं.

ते कळलं जेवणानंतर. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, भरलं वांगं. भाताशिवाय जेवण म्हणजे आमच्या घरी आजारीपण, पण इथे मी पोटभर जेवले. हात धुवायला मागच्या मोरीवर गेले तर कठड्यावर पातेलं पालथं होतं आणि शेजारी गाळून टाकलेला चोथा. उकडून काळपट झालेली पानं. बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, खालची बाजू पांढुरकी. ही पानं मी झोपेतही ओळखीन.

“बोरीचा पाला उकळलाय?” मी सहज विचारलं.

“नाव घेऊ नका मॅडम!” सिद्राम जवळजवळ ओरडलेच.

महादेवी शांत होती. “घेऊ द्या की. आपण न्हाय सांगितलं, त्यांनी आपसूक वळखलं. मग गुण जात न्हाय.”

मग तिने सगळं सांगितलं. उन्हाळ्यात तिच्या छातीतली गाठ काढली होती. त्यानंतर सोलापूरच्या दवाखान्यात किमोचे डोस सुरू झाले. दोन झाले आणि ती अंथरुणाला खिळली. केस गेले, तोंडाची चव गेली. तेव्हा मैंदर्गीच्या एका अज्जांकडून, म्हणजे आजोबांकडून, सिद्रामने झाडपाल्याचं औषध आणलं. देणाऱ्याने पैसे घ्यायचे नाहीत, घेणाऱ्याने पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की औषधाचा गुण जातो. आणि पथ्य असं, की हे चालू असेतोवर डॉक्टरचं औषध पोटात वा अंगात घ्यायचं नाही. म्हणून तिसरा डोस चुकला होता. पुढची तारीख परवाची, गुरुवारची होती.

“ह्यांचं आपलं चाललं हुतं, जा, जा,” ती म्हणाली. “मी बी निम्मी तयार झालते. मनात यायचं, ह्या पाल्यानं काय हुतंय? आता न्हाय जात. पुण्यास्नं एवढ्या शिकलेल्या बाई डबा घेऊन पाला न्यायला आल्या, म्हंजे पाल्यात दम हाय.”

तिला दवाखान्यापासून तोडायला आता मीच पुरावा झाले होते.

मग मी बोलत सुटले. बशीत पेशी मरतात याचा अर्थ माणसात मरतात असा नाही, हे सांगितलं. “आमच्या बशीत मीठ जास्त टाकलं तरी पेशी मरतात,” असंही सांगितलं.

“मग मीठ वाढवू का भाकरीत?” ती हसत म्हणाली.

मला राग आला. तिचा नाही, माझ्या त्या उदाहरणाचा, ज्यावर माझी मुलं दरवर्षी माना डोलावतात.

ऊन कलल्यावर आम्ही दोघी झाडाकडे गेलो. बोर मोठी, फांद्या खाली झुकलेल्या, हिरवी बारकी बोरं लागलेली. काट्यांनी पहिल्या पाच मिनिटांत माझी बाही फाडली. मी पानं तोडून कागदी पिशवीत टाकत होते, पलीकडच्या फांदीवरून ती ओच्यात कोवळा पाला घेत होती, तिच्या उद्याच्या काढ्यासाठी. दोघींचं काम एकच दिसत असेल लांबून.

“कंचं पान चांगलं? कवळं का जून?” तिने विचारलं.

“ते मी सांगणार नाही.”

“म्हंजे तुमाला ठावं हाय.”

“महादेवी, मला ठाऊक नाही. खरंच नाही. ते बघायलाच तर हे सगळं.”

मी काहीतरी लपवतेय अशी तिची खात्री झाली होती. औषध जाणणारं माणूस कधी सांगत नाही, हा तिच्या गावचा रिवाजच होता. मी जितकं नाही म्हणत होते तितकी मी तिला खरी जाणकार वाटत होते.

बुधवार, मैंदर्गी

सकाळी सिद्राम तुरीच्या कडेला उभे होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, “मॅडम, मी तिला डोसाला न्यायला तयार हाय. पण पथ्य मोडून न्हेलं आन तिला काय झालं तर? आयुष्यभर मला लोक काय म्हंतील?”

“अज्जांना तुम्ही काय सांगितलं होतं? कॅन्सर आहे म्हणून?”

ते पायाने ढेकूळ फोडत राहिले. “तसं नाव कुणी घेतंय का ओ? डोळं पिवळं दिसत्यात, अन्न जात न्हाय, असं सांगितलं.”

“आणि ते काय म्हणाले?”

“कावीळ हाय म्हणाले. मी कशाला न्हाय म्हणू?”

आमच्या घरीही माझ्या काकूला ‘तो आजार’ झाला होता, आणि शेवटपर्यंत तो ‘तो आजार’च राहिला, त्यामुळे सिद्रामला नावं ठेवायला मला जागा नव्हती. पण इथे एकाने रोगाचं नाव घेतलं नाही, दुसऱ्याने पाल्याचं, आणि मधल्या मधे एका बाईचा उपचार थांबला होता.

“चला, मैंदर्गीला जाऊ,” मी म्हटलं.

महादेवीला बाजाराचं निमित्त सांगितलं. वाटेत मोटरसायकल पंक्चर झाली. दुरुस्तीच्या टपरीवरचा माणूस चहा पिऊन, ओळखीच्यांशी कानडीत गप्पा मारून, मग चाकाला हात लावी. सिद्रामही त्यात सामील. मी उन्हात उभी राहून दात खात होते. ह्या भागात एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं, आणि बाहेरच्या माणसाला फक्त पहिला अर्धा भाग मिळतो.

अज्जांचं भुसार मालाचं दुकान होतं. गुरुलिंगप्पा अज्जा म्हणतात त्यांना सगळे. कपाळाला विभूती, गुडघ्यांना पट्टे, तुरीच्या पोत्याला टेकून बसलेले. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण मी बोलण्याआधी सिद्राम पुढे झाले आणि हात जोडून उभे राहिले.

“अज्जा, तिला कावीळ न्हवती,” ते म्हणाले. “तिला कॅन्सर हाय.”

दुकानात तूर निवडत बसलेल्या बाईचे हात थांबले. अज्जा कानडीत काहीतरी कडक बोलले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “मी काविळीचं औषध देतो. माझ्या बापानं तेवढंच शिकवलं. ह्यानं मला सांगितलंच न्हाय!”

“तुम्ही विचारलंत का?” मी म्हटलं. “दवाखान्यात चाललंय का, ऑपरेशन झालंय का, काहीतरी विचारायचं!”

“आमी इचारत न्हाय. घरचं माणूस सांगतंय, आमी देतो.” त्यांचा आवाज चढला. “अशी पद्धत हाय.”

“मग त्या पद्धतीने तिचा जीव जाईल.”

हे मी फार मोठ्याने बोलले असावे, कारण शेजारच्या दुकानातले दोघे येऊन उभे राहिले. सिद्राम घामाने भिजले होते. अज्जा माझ्याकडे रागाने बघत होते, मीही बघत होते, आणि मला वाटलं, संपलं, आता हा म्हातारा हट्टाला पेटणार.

त्यांनी डोळे मिटले. मग दुकानातल्या ढेपेचा गुळाचा खडा फोडला, कागदात बांधला आणि सिद्रामच्या हातात दिला. “हे तिला खायला घाल. गुरुलिंगप्पानं पथ्य सोडवलं म्हण. आजपास्नं ते पाणी बंद.” मला ते एक शब्दही बोलले नाहीत. निघताना मी नमस्कार केला, तोही त्यांनी घेतला नाही.

परतीच्या वाटेवर सिद्राम शीळ घालत होते. काम झालं असं दोघांनाही वाटत होतं.

महादेवीने सगळं ऐकून घेतलं. गुळाचा खडा कपाळाला लावला आणि खाल्ला. मग म्हणाली, “अज्जांनी पथ्य सोडलं. मी न्हाय सोडलं.”

सिद्रामचं तोंड बघवत नव्हतं. ते उठून बाहेर गेले. ती गॅसपाशी बसून भाकरी थापायला लागली. थापता थापता म्हणाली, “मॅडम, डोस घेतला की मी मढं हुते. पाण्याचा घोट जात न्हाय. ते पाणी प्यायला लागले तवापास्नं उठले, शेतात गेले, तुमाला जेवाय घातलं. तुमी म्हंता पाल्यानं काय हुत न्हाय. मग हे काय हाय?”

उत्तर मला माहीत होतं आणि ते द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. “तू उठलीस, कारण डोस चुकला,” मी म्हटलं. “डोसाचा त्रास उतरला, म्हणून बरं वाटतंय. पाल्यामुळे नाही.”

तिचे हात पिठातच राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली, आणि मला येत नसल्याने मोडली.

“तुमच्या घरात कुणाला झाला असता, तर पाजला असता हा पाला?”

“नाही.”

“मग न्यायला कशाला आला?”

“जिला अजून झाला नाही तिच्यासाठी. झाल्यावर नाही, होऊ नये म्हणून. आणि तेही जमेल की नाही, मला माहीत नाही.”

“म्हंजे मला उशीर झाला म्हणा की.”

“पाल्याला उशीर झाला. डोसाला नाही झालेला.”

तिची मुलगी सोलापुरात वसतिगृहात राहून शिकते. तिचा विषय आमच्यात निघाला नव्हता, पण महादेवी भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघत बसली. मी अंथरुणावर पडले ती स्वतःवर चिडून. माणूस बरं वाटतंय म्हणत असताना, ते खोटं आहे असं त्याला सांगण्यासारखं ओंगळ काम दुसरं नसेल.

गुरुवार, सोलापूर

उठले तर महादेवी अंघोळ करून, इरकल नेसून, पायरीवर पिशवी घेऊन बसली होती. सिद्राम भाड्याची गाडी आणायला गेले होते. मी माझा पानांचा डबा आणून तिच्या पिशवीशेजारी ठेवला.

सोलापुरात शिरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. दवाखान्याच्या आवारात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषांतले नातेवाईक भिंतीला टेकून डबे खात होते. रक्त दिलं, वाट पाहिली, आत बोलावलं. माझी ओळख तिने ‘बहीण’ अशी करून दिली. तपासणीआधी सिस्टर नेहमीचे प्रश्न विचारत होत्या, मान वर न करता.

“दुसरं कुठलं औषध चालू आहे? आयुर्वेदिक, गावठी, काही?”

“न्हाय, न्हाय,” सिद्राम घाईने म्हणाले.

सिस्टरनी पुढचा प्रश्न सुरू केला. मी तोंड उघडणार तेवढ्यात महादेवीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“बोरीचा पाला,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “बोरीचा पाला उकळून पीत हुते. रोज सकाळी.”

सिद्रामने डोळे मिटून घेतले. तिच्या हिशेबाने त्या पाल्यात जे काही होतं ते त्या क्षणी गेलं, आणि ते तिने आपल्या तोंडाने घालवलं. सिस्टरना यातलं काही माहीत नव्हतं. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर तरुण होत्या. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. यकृतावर ताण दिसतोय, कशामुळे ते आत्ता सांगता येणार नाही, काढा बंद, आज डोस देता येत नाही, पुढच्या गुरुवारी परत रक्त तपासून ठरवू. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण महादेवी त्यांच्याशी भांडली असती. ती नुसती ‘बरं’ म्हणाली.

इतकी ओढाताण करून तिला आणलं आणि हात हलवत परत. आता ती पुन्हा कशाला येईल?

बाहेर आल्यावर सिद्राम गाडी बघायला गेले. ती जिन्याच्या पायरीवर बसली, मी शेजारी बसले. माझा पानांचा डबा आमच्या दोघींच्या मधे होता. तिने तो पलीकडे सरकवला.

“पुढच्या गुरुवारी मी येते,” ती म्हणाली. “पण तुमी परत आमच्याकडं येऊ नका.”

“का?”

“तुमी आला की मला वाटतंय, पाल्यात कायतरी हाय. मग माझा पाय हिकडं वळायचा न्हाय.”

उन्हाळ्यात, पावसाळ्यात, त्याच झाडाची पानं मिळाली नाहीत तर माझ्या कामातलं बोरीचं प्रकरण तिथेच संपणार होतं. ते मला त्या क्षणी आठवलं, हे लपवत नाही. “नाही येणार,” मी म्हटलं.

“बरी झाले तर मीच फोन करीन. बोरं खायला बोलवीन.” तिने पदर नीट केला. “न्हाय बोलवलं तर समजून घ्या.”

पुढच्या गुरुवारी सिद्रामचा निरोप आला, डोस झाला. मी तो आमच्या प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवला आणि रडले, मुलांदेखत. बोरीचं काम मी बंद केलं आहे. तुतीचं चालू आहे.

ही हकिकत लिहितेय तोवर बाजारातली बोरं संपत आली. उपचार लांबतात, मधे दिवस वाईट जातात, हे सगळं मला ठाऊक आहे, आणि फोन करायचा नाही असं मी मनाशी पक्कं केलं आहे. तिचा फोन अजून आलेला नाही.